लाकडी पाती, काळी पाती

आतल्या खोलीत चमचा पडला. फरशीवर टण्णकन आपटला, स्वतःभोवती एक गिरकी घेऊन निपचित झाला, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं.

तिने शिलाई मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. कुणाच्या तरी पँटचा पाय अर्धा दुमडून झाला होता, सुई कापडात तशीच रुतून राहिली. ती कान लावून बसली. चमचा नुसता पडला, की त्याने ढकलला? ढकलला असेल तर त्याला काहीतरी हवं असणार. म्हणजे आपल्याला काहीतरी हवंय, ते मागायचं तर आवाज करायला हवा, एवढं सगळं त्याच्या डोक्यात जुळून आलेलं असणार. हल्ली ती अशा बारीकसारीक गोष्टींवर दिवस काढायची. पडलेला चमचा, वळलेली मान. एखाद्या दिवशी तेवढंही पुरायचं.

ती उठून आत गेली. नवरा उशांना टेकून खिडकीबाहेर बघत होता.

"पाणी हवंय का रे?"

"चला," तो म्हणाला.

"की कूस बदलायचीय?"

"चला."

मेंदूत रक्ताची गाठ अडकली त्या सकाळपासून त्याच्याकडे हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी चला, दुखलं तरी चला, लेकीने गालाला गाल घासला तरी चला. बाकीचे सगळे शब्द गेले, उजवा हात गेला, उजवा पाय गेला. उजवी बाजूच गेली म्हणा ना. ताटात उजवीकडे वाढलेलं तसंच राहायचं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी तिला समजावलं होतं, "तिकडचं नको असतं म्हणून ठेवतात असं समजू नका हं. तिकडे काही आहे, हेच त्यांच्या गावी नसतं." तेव्हापासून घराने डावी बाजू धरली होती. पेला डावीकडे, टॉवेल डावीकडे, लेकीचं स्टूल डावीकडे. आता त्यात विचार करण्यासारखं काही राहिलं नव्हतं, हातांनाच सवय झाली होती.

"पण त्याला समजतं किती?" तिने डॉक्टरांना विचारलं होतं.

डॉक्टर हात पुसता पुसता म्हणाले होते, "शब्द गेले म्हणजे समज गेली, असं नसतं. समज असेलच, असंही नसतं."

या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर ती जगत होती. दुसरा अर्धा भाग तिच्या नणंदेने उचलला होता.

ताई त्याच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. शाळेत मुलांना कवायत शिकवायच्या, त्यामुळे फोनवरही बोलायच्या त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. भावाचं पथ्यपाणी, औषधं, अर्ध्या रात्रीची धावपळ, कशात त्या मागे राहिल्या नव्हत्या. म्हणून तर त्यांचं बोलणं झटकून टाकता येत नव्हतं.

"जागा मिळालीय," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "चांगली संस्था आहे. चोवीस तास माणसं असतात. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचंय."

"तो इथेच बरा आहे, ताई."

"तो बरा आहे, तू बरी नाहीस. आरशात बघितलंस का स्वतःला? बोहारणीला दिलं तर भांडं मिळणार नाही तुझ्या बदल्यात."

तिला हसू आलं होतं आणि रडूही.

"हे बघ," ताईंचा आवाज मग खाली आला. ताईंचा आवाज खाली आला की तिला जास्त भीती वाटायची. "त्याला कळत असतं ना, तर मीच म्हटलं असतं, घरातून हलवू नका. माझा भाऊ आहे तो. पण ज्याला घर कुठलं आणि परकी खोली कुठली हेच कळत नाही, त्याच्यापायी तू आणि पोर का वाळून जाताय?"

"त्याला कळतं."

"कशावरून?"

यावर सांगण्यासारखं तिच्याजवळ काय होतं? पडलेला चमचा?

"रविवारी या," ती म्हणाली. "तुमच्यासमोर दाखवते."

फोन ठेवला तेव्हा काय दाखवायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते लेकीने सुचवलं.

लेकीला घरात सगळे बटण म्हणायचे. तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. ती रांगत होती तेव्हापासून तो तिचं नाक दाबून म्हणायचा, "कितवा मजला?" आणि तिला उचलून थेट छताला नेऊन लावायचा. दिवसभर दोरांना बांधलेली लिफ्ट वरखाली करून त्याला एकच वेड लागलं होतं. दोराशिवाय वर जाणारं काहीतरी आपल्या हातात हवं. आजारी पडायच्या थोडं आधी त्याने शिकाऊ लोकांसाठी असतं तसं एक रिमोटचं हेलिकॉप्टर आणलं होतं. उलटून पडू नये म्हणून त्याच्या पायांना आडव्या काड्या आणि काड्यांच्या टोकांना चेंडू लावलेले, पाळण्यातून नुकतंच उतरवलेल्या पोरासारखं दिसायचं ते. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पहिल्याच दिवशी ते गुडघाभर वर गेलं, कलंडलं आणि डोक्यावरची दोन्ही पाती मोडली. बापलेक हसत हसत घरी आले होते. पुढचे कितीतरी दिवस जेवताना तो पात्यांवरच बोलायचा. ती भाजी वाढत हं हं करायची. त्यातलं काही म्हणजे काही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि आता त्या एकेका शब्दासाठी तिने काय नसतं दिलं!

तर बटण म्हणाली, "आई, पाती आणू या ना. बाबांना माहितीय कुठली आणायची ती. त्यांनी निवडली होती."

"कुठली निवडली होती?"

"ते मला नाही माहिती. बाबांना माहितीय."

सगळं त्यातच आलं.

हेलिकॉप्टर जिथून आणलं होतं ते दुकान एका व्यापारी इमारतीच्या तळघरात होतं. छताला विमानं टांगलेली, टेबलावर डिंकाचा वास. दुकानदार नाकावर चष्मा घसरवून कुठलंसं शेपूट चिकटवत होता.

"बोला वहिनी. मुलाचा वाढदिवस?"

"हेलिकॉप्टरची पाती हवीत. शिकाऊ माणसाची." तिने पिशवीतून हेलिकॉप्टर काढलं. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलं होतं.

दुकानदाराने ते हातात घेतलं आणि चष्मा वर सारला. "अहो, हे तर लिफ्टवाल्या साहेबांचं! आहेत कुठे? दोनदा येऊन गेले आणि मग गायबच झाले."

"त्यांना… बरं नाहीये."

"आराम करू दे, आराम करू दे. त्यांची लाकडी पाती संपली होती तेव्हा. आता आलीत बघा." त्याने दोन खोकी समोर ठेवली. एकात फिकट लाकडाची पाती, वर पातळ चकचकीत आवरण. दुसऱ्यात काळी कुळकुळीत, कार्बनची, हात लावावासा वाटेल अशी. "मी तेव्हा ही काळी त्यांच्या गळ्यात मारायला बघत होतो. खोटं कशाला बोलू, त्यात मला दोन पैसे जास्त सुटतात. तर मलाच शिकवायला लागले. म्हणाले, शिकणाऱ्याने मोडणारी पातीच घ्यावीत. हेलिकॉप्टर पडणार तर आहेच. लाकडी पातं जमिनीला लागलं की तुकडा पडतो आणि काम संपतं. काळं पातं मोडत नाही, मग तो हिसका आत जातो. दांडा वाकतो, चाकांचे दात उडतात. पातं शाबूत, आणि बाकी यंत्र भंगारात."

तिने काळ्या पात्यावरून बोट फिरवलं. "आणि ज्याला यातलं काही कळत नाही, तो कुठली घेईल?"

"काळी. डोळे मिटून. शंभरातले नव्याण्णव काळ्यांनाच हात घालतात."

तिने दोन्ही खोकी जवळ ओढली. मग म्हणाली, "दोन्ही देता? काळी मी सोमवारी परत आणते. ओरखडासुद्धा पडणार नाही."

दुकानदाराला काही उलगडा झाला नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने दोन्ही खोकी कागदात बांधली. निघताना मागून हाक मारून म्हणाला, "साहेबांना सांगा, पहिल्यांदा उडवाल तेव्हा मला बोलवा! चहा माझ्याकडून!"

ती मान हलवून जिना चढली. वर आल्यावर उन्हात डोळे दिपले म्हणून, असं स्वतःला सांगत तिने डोळे पुसले.

घरी येऊन खोकी तिने कपाटात ठेवली. बटणने शंभरदा विचारलं, तरी ती नवऱ्याला आधी दाखवली नाहीत. आपण तालीम करून घेतली असं उद्या कुणी म्हणायला नको. खरं तर भीती वाटत होती. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून हो असू शकत होतं.

रविवारी तिने त्याची दाढी केली, निळा शर्ट घातला. उजवा हात बाहीत घालताना झोपलेल्या बाळाचा घालावा तसा हळूच घातला. ताई आल्या त्या फळांची पिशवी आणि आवाज दोन्ही घेऊन आल्या.

"बटण! सावधान! किती वाळलीस गं? आई जेवायला घालते की नुसती हवा?"

"आत्या, तू जाड झालीस."

"बरोबर आहे. घरातलं वजन कुठेतरी जायलाच हवं." मग भावाच्या डाव्या बाजूला बसून त्यांनी त्याचे केस नीट केले. "काय रे गाढवा, ओळखलंस का?"

"चला," तो म्हणाला.

"कुठे चलू? एकदा सांग तरी," ताई म्हणाल्या, आणि लगेच तोंड फिरवून फळं काढायला लागल्या.

जेवणं झाली. तिने त्याच्या मांडीवर लाकडी ट्रे ठेवला, कपाटातून खोकी आणली. काय करायचंय ते ताईंना सांगितलं. दुकानदार काय म्हणाला तेही सांगितलं. ताई हाताची घडी घालून पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, स्पर्धेचे पंच उभे राहतात तशा.

"दोनच? म्हणजे नाणं उडवल्यासारखंच झालं की."

"नाण्याला आवडनिवड नसते, ताई."

"बघू या," ताई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. त्यांनाही हवंच होतं.

तिने दोन्ही जोड्या ट्रेमध्ये मांडल्या. पात्यांचा ट्रेवर खडखड आवाज झाला. बटण हेलिकॉप्टर मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती.

"अरे, ऐक. तुझ्या हेलिकॉप्टरची पाती आणलीत. कुठली बसवायची? तू सांग. हात लावून सांग."

तो ट्रेकडे बघत राहिला. खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, फट फट. त्याचा डावा हात चादरीवरून सरकला, ट्रेच्या काठाशी थांबला. वाटलं, तिथेच राहणार. मग तो उचलला गेला आणि लाकडी पात्यांवर टेकला. बोटं मिटली. अंगठा पात्याच्या कडेवरून हळूहळू टोकापर्यंत गेला आणि परत आला. कारागीर धार बघतो, तसा.

"चला," तो म्हणाला.

"लाकडी!" बटण किंचाळली. "आत्या, लाकडी! बाबांनी लाकडी घेतली!"

ताईंनी हाताची घडी सोडली.  त्या मटकन पलंगावर बसल्या आणि भावाच्या पावलांवर कपाळ टेकून हमसून हमसून रडायला लागल्या. "अंगठा बघितलास? पतंगाचा मांजा असाच बघायचा गं हा… लहानपणी… असाच… आणि मी याला… अरे देवा, मी याला कुठे पाठवायला निघाले होते…"

"ताई, असू दे. असू दे हो."

"सोमवारी कशाला, आत्ता कळवते त्यांना. नको म्हणून सांगते." ताई उठल्या. पदराने नाक पुसलं. "तोंड धुऊन येते आधी. या अवतारात फोनवरसुद्धा बोलायला लाज वाटते."

त्या न्हाणीघरात गेल्या. नळाचा आवाज सुरू झाला.

तिच्या जिवात जीव आला होता. खांद्यांवरून कुणी पोतं उतरवून घ्यावं, तसं हलकं वाटत होतं. तिला त्याच्याशी खूप बोलायचं होतं. आहेस ना तू आत, मी म्हणत होते ना, कुणाचं ऐकलं नाही मी. पण आधी त्याचे ओठ सुकलेले दिसले, म्हणून तिने पेल्यात पाणी ओतलं आणि पेला ठेवायला हात पुढे केला.

पेला डावीकडे गेला. तिने काही न ठरवता, रोजच्यासारखा.

ती तशीच थांबली. पाण्यावर एक बारीक लाट उठली आणि काठाला लागली.

ट्रेमध्ये लाकडी पाती त्याच्या डावीकडे होती. काळी उजवीकडे.

तिने आठवून बघितलं. मांडताना मनात काय होतं? काही नव्हतं. पात्यांची खडखड, एवढंच आठवत होतं. जे त्याला मिळायला हवं ते डावीकडे ठेवायचं, हे हातांना पाठ होतं. पेला, टॉवेल, पोर. आणि लाकडी पाती. ट्रेमध्ये दुसरं काही आहे, हे त्याला कळलं तरी होतं का?

कळलं असेल. अंगठा तसा उगीच फिरला का? कारागिराचा हात आहे तो, त्याला लाकूड कळलं असेल. आणि काहीच कळलं नसेल, तरी काय बिघडलं? ताई मानल्या होत्या. तो घरी राहणार होता. तिने ट्रे उचलून बाजूला ठेवला असता तर कुणालाही कधीही काही कळलं नसतं.

तिलाही नसतं. तेच तर सहन होत नव्हतं. उद्यापासून चमचा पडला की ती कशाच्या जोरावर उठणार होती?

बटण खाली बसून स्क्रू ड्रायव्हर शोधत होती, पलंगाखालच्या डब्यात खुडबुड चालली होती. नळ अजून वाहत होता.

तिने त्याच्या मुठीतून लाकडी पाती अलगद सोडवली. जोड्यांची अदलाबदल केली. लाकडी उजवीकडे, काळी डावीकडे. त्याच्या चेहऱ्याजवळ वाकून, अगदी हळू, ताईंच्या कानावर जाणार नाही असं ती म्हणाली, "परत एकदा सांग. माझ्यासाठी. मान जरा इकडे वळव… इकडे बघ ना रे. दोन्ही बघ आणि मग सांग."

तिने त्याच्या डाव्या गालावर तळहात ठेवून मान वळवायचा प्रयत्न केला. मान थोडी वळली, पण डोळे खिडकीकडेच राहिले. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. काय होतं त्या नजरेत? लाड होता, कंटाळा होता, की नुसता उजेड पडला होता त्या डोळ्यांत? हात उचलला गेला. ती मनातल्या मनात म्हणत होती, पलीकडे जा, पलीकडे, थोडंसंच आहे.

हात काळ्या पात्यांवर टेकला. बोटं मिटली. अंगठा कडेवरून टोकापर्यंत गेला आणि परत आला, तितक्याच मायेने.

"चला," तो म्हणाला.

तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा स्क्रू ड्रायव्हर हातात धरून बटण ट्रेपाशी उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती आधी बाबांच्या मुठीकडे बघत राहिली, मग उजवीकडे पडलेल्या लाकडी पात्यांकडे, मग आईकडे. आत नळ बंद झाला. कडी वाजली.

"आई," बटण हळूच म्हणाली, "मघाशी बाबांनी खरं सांगितलं होतं, की आत्ता?"